पायातलं तांबं

दगड बोलतात असं कुणी म्हटलं असतं, तर वृषाली चिंदरकरने आधी पुरावा मागितला असता. पुरावा मागणं हा तिचा पेशा होता आणि स्वभावही. पण खाडीच्या तोंडाशी असलेल्या प्रवाळ केंद्रात, मोठ्या टाकीमागच्या खोलीत कानांवर हेडफोन चढवून बसलं की दगड खरोखरच ऐकू यायचे. पाण्याखाली एकावर एक टेकलेले दगड आपल्याला वाटतात तेवढे निवांत नसतात. पंपाचा झोत लागतो, एखादी कोळंबी बुडाशी वाळू उकरते, आणि दगड केसभर सरकतो. ती किरकिर पाण्यात सोडलेला माइक टिपायचा. केंद्रातल्या मंडळींनी त्या माइकला पाणकान असं नाव ठेवलं होतं.

खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ वाढवणाऱ्या प्रत्येकाला या किरकिरीचा धसका असतो. दगडांची रचना आज सुंदर दिसते आणि उद्या एक दगड निसटला की सगळी काचेवर येते. मग कुणी सिमेंट वापरतं, कुणी लुकण भरतं, कुणी भोकं पाडून प्लास्टिकच्या कांड्या ठोकतं. पण टाकीत जमणारं हे सगळं उघड्या समुद्रात जमत नाही, आणि खरी गरज तर तिथेच होती. खाडीबाहेरचा प्रवाळाचा पट्टा आधी बोटींच्या नांगरांनी फोडला, मग तापलेल्या पाण्याने मारला. आता तिथे तळाला नुसती खडी उरली होती. लाट आली की ती लोळायची, आणि लोळत्या दगडावर प्रवाळाचं पिल्लू रुजत नाही.

यावर उपाय शोधला होता तो निनाद पोयरेकरने. निनाद केंद्रातला जीवशास्त्रज्ञ, वृषालीच्या हाताखालचा, दिवसभरात मोजून चार वाक्यं बोलणारा. त्याने समुद्रातल्याच एका जिवाणूची जरा शिकवलेली जात तयार केली होती. शिंपला पाण्यातला चुना घेऊन कवच करतो, तसा हा जिवाणूही चुना घेतो. मात्र तो चुना टाकतो फक्त जिथे घासणं चालू असेल तिथे. दगड दगडावर घासला की त्या फटीतले जिवाणू जागे होतात, वाढतात, फट भरतात. घासणं थांबलं की झोपी जातात. म्हणजे गवंड्याने कुठे किती माल भरायचा ते दगडच सांगणार. निनादने त्याला सांधजीव म्हटलं, आणि ते नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं.

मोठ्या टाकीतली रचना ही सांधजीवाची परीक्षा होती. तिच्यावर पट्ट्यातून वाचवून आणलेले प्रवाळाचे शेवटचे तुकडे लावायचे होते. पुण्याची समिती येऊन बघणार, आणि रचना घट्ट निघाली तरच सांधजीव समुद्रात सोडायची परवानगी मिळणार.

एकच मोठी भीती होती: तांबं. आपण तांब्याच्या कळशीतलं पाणी कौतुकाने पितो. प्रवाळाला, कोळंबीला, शंखातल्या गोगलगायीला मात्र त्याचा अंशही सोसत नाही. सांधजीवालाही नाही. म्हणून वृषालीने कडक नियम घातला होता, की टाकीत जाणारी प्रत्येक वस्तू आधी वेगळ्या बादलीत भिजत ठेवायची आणि ते पाणी तपासायचं. साधा स्क्रूसुद्धा यातून सुटत नसे. एका इलेक्ट्रिशियनच्या बोटात तांब्याची अंगठी दिसली, तेव्हा तिने त्याला सगळ्यांसमोर असं काही झापलं होतं की तो बिचारा पुन्हा त्या मजल्यावर फिरकलाच नाही.

पहिला दगड बसवायच्या दिवशी तिने आईला केंद्रात नेलं. शेवंतीबाईंनी लेकीचं कामाचं ठिकाण तोवर पाहिलं नव्हतं. त्या ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या. टाकीत अजून कमरेइतकंच पाणी होतं, आणि पायाचा भला मोठा दगड साखळीला लोंबकळत होता. त्यांनी तो नीट बघितला, मग पदराची गाठ सोडून तांब्याचा एक जुना भोकाचा पैसा काढला.

"ह्यो पायात घाल," त्या म्हणाल्या. "तुज्या बापाशीन बांधलेल्या एकेका घराच्या पायात पैसो आसा. ह्यो एकच रवलो."

वृषालीचे वडील गवंडी होते. ते जाऊन फार दिवस झाले नव्हते. पण त्या क्षणी वृषालीला वडील आठवले नाहीत. तिला दिसले ते आजूबाजूला उभे असलेले सहकारी, आणि त्यातल्या दोघांच्या ओठांवरचं हसू.

"आई, इथे हे असलं चालत नाही," ती म्हणाली. घरी ती आईला 'आये' म्हणायची आणि मालवणीत बोलायची. केंद्रात मात्र पुस्तकी मराठी. "तांबं म्हणजे प्रवाळाला विष."

"एवढोसो पैसो, तो एवढ्या पाण्यात काय करतलो?"

"तुला काही कळत नाही त्यातलं. ठेव तो आत."

आवाज जरा जास्तच चढला. शेवंतीबाईंनी पैसा पुन्हा गाठीत बांधला आणि भिंतीकडेच्या स्टुलावर जाऊन बसल्या. मग सगळे चहाला गेले. त्या तिथेच बसून राहिल्या, साखळीला लोंबकळणाऱ्या दगडाकडे बघत.

चहानंतर वृषाली टाकीत उतरली. दगड खाली येत होता, बाकीचे साखळीवर नजर ठेवून होते, आणि तिने अंगातल्या डायव्हिंग सूटच्या खिशातून मखमली पिशवी काढली. पिशवीत हाताच्या पंजाएवढी एक सोनेरी पाटी होती. केंद्राच्या फाटकाशी संगमरवरी कोनशिला आहे. तिच्यावर ज्यांनी ज्यांनी फीत कापली त्यांची नावं आहेत आणि ज्यांनी केंद्र उभं केलं त्यांचं एकही नाही. त्या कोनशिलेची थट्टा करण्यात वृषालीचा हात कुणी धरला नसता. पण थट्टा करता करता तिला स्वतःची एक कोनशिला हवीशी झाली होती. छोटीशीच, कुणाला न दिसणारी. कधीतरी पुढे ही रचना कुणी उघडली तर त्यांना कळावं, एवढंच. कुडाळच्या कोरीवकामवाल्याला तिने स्टीलची पाटी सांगितली. "सोनेरी केली तर नाव उठून दिसेल, मॅडम," तो म्हणाला. "मग सोनेरीच करा," ती म्हणाली. ती सोनेरी कशाने होते ते तिने विचारलं नाही, आणि पाटी बादलीत भिजतही ठेवली नाही. तिच्याच पर्समधून तर आली होती.

दगड पाटीवर टेकला. वरून टाळ्या पडल्या.

पुढचे काही आठवडे मजेचे गेले. रचना वर चढली, पाणी भरलं, प्रवाळाचे तुकडे लागले. पाणकानातून येणारी किरकिर दिवसागणिक कमी होऊ लागली. आज हा सांधा गप्प झाला, काल तो झाला, असं करत वरची सगळी रचना मुकी झाली. निनाद हेडफोन लावून डोळे मिटून बसायचा आणि स्वतःशीच हसायचा. एरवी न बोलणारा माणूस जेवणाच्या सुट्टीत लोकांना धरून धरून शांतता ऐकवू लागला.

फक्त पायाचा दगड गप्प होईना. किरकिर सोडाच, तो आता करकरू लागला. वरची रचना एकसंध झाल्यामुळे तिचा सगळा भार त्या एकाच सैल सांध्यावर डुलत होता, आणि प्रत्येक झोताबरोबर रचना जराजरा काचेकडे कलत होती. काचेपलीकडे शाळेची मुलं नाक चिकटवून उभी राहायची. वृषालीने दालन बंद केलं. समिती यायला फार दिवस उरले नव्हते.

"सांधजीव भार पेलत नाही, असं म्हणतील," निनाद म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "समुद्रात तर याहून जास्त भार."

दोन दिवसांनी तो बुडाशी मेलेल्या गोगलगायी आणि एक बाटलीभर वाळू घेऊन तिच्या टेबलापाशी आला.

"दगडाखालच्या कडेची वाळू आहे. तांबं निघालं. वरच्या पाण्यात नाही, फक्त यात."

"कुठून येणार?"

"दगडाखालीच काहीतरी आहे."

वृषालीला पाटी आठवली. लगेच आठवली, नाही आठवली असं ती पुढे कधी म्हणू शकली नाही. पण पाटी स्टीलची होती. सोनेरी असली तरी स्टीलचीच. कुडाळला एक फोन केला असता तर खुलासा झाला असता. तिने फोन केला नाही. त्याऐवजी तिला स्टुलावर बसलेली आई आठवली, लोंबकळता दगड आठवला, सगळे चहाला गेलेले आठवले, आणि एकदम हायसं वाटलं.

"माझी आई," ती निनादला म्हणाली. "तिनेच टाकला असणार तो पैसा."

ती घरी पोचली तेव्हा शेवंतीबाई अंगणात आमसुलं उलटत होत्या. हात मनगटापर्यंत लाल झाले होते.

"आई, खरं सांग. दगडाखाली पैसा तू घातलास ना?"

रागावली की वृषाली घरातही पुस्तकी बोलायची. शेवंतीबाईंना त्यावरूनच वारा कळायचा. त्यांनी हात थांबवले.

"कसलो पैसो?"

"कसला म्हणजे? नाही म्हटलं तरी घातलासच. दगडाखाली तांबं सापडलंय. पाया धरत नाहीये. सगळी रचना काचेवर येतेय."

"मगे तुका काय होतला?"

"माझं सोड. पाया सैल का राहिला हे सांगता आलं नाही, तर समिती म्हणणार सांधजीवच कुचकामी आहे. निनादचं सगळं आयुष्य त्यात गेलंय. समुद्रातला प्रवाळ तर विसराच."

"आणि पैशान झाला असा कळला तर?"

"तर दोष सांधजीवाचा नाही. पैसा काढायचा, दगड परत बसवायचा. पुन्हा धरेल."

शेवंतीबाई आपल्या लाल तळव्यांकडे बघत राहिल्या. त्यांच्या कमरेला पदर खोचलेला होता आणि पदराला गाठ होती.

"मगे मीच घातलंय," त्या म्हणाल्या.

वृषालीने तोंडाला येईल ते ऐकवलं. शिकल्यासवरलेल्या मुलीच्या आईने असं वागावं, चारचौघांत मान खाली घालायला लावावी, एक गोष्ट सांगितलेली ऐकू नये. शेवंतीबाईंनी मधे एकदाच तोंड उघडलं. "त्या लोकांका सांगूचा आसात तर मी येवन सांगतंय." ज्या बाईने उभ्या जन्मात प्रत्येकाकडे पुरावा मागितला, तिने आईला पदराची गाठ सोडून दाखव असं म्हटलं नाही.

समितीच्या अध्यक्ष होत्या डॉ. अरुंधती ठकार. पांढरेशुभ्र आखूड केस, हळू आवाज आणि न संपणारे प्रश्न. सुनावणी सगळ्यांना बघता यावी म्हणून तिचं चित्रण होत होतं. शेवंतीबाईंना पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि समोर माइक ठेवला. त्या माइकला घाबरून जरा मागे सरकल्या.

"आजी, पैसा तुम्ही कधी ठेवलात?" ठकारबाईंनी विचारलं.

"सगळे चाय पियूक गेल्ले तेव्हा."

"कशासाठी?"

"पाया धरूचो म्हणान."

समितीतला एक गृहस्थ पुढे वाकला. "आणि धरला का आजी?"

सगळं दालन हसलं. शेवंतीबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या, पाहुण्यांकडे आपल्यावर विनोद झाला की माणूस हसतो तशा. वृषाली उठून उभी राहिली.

"आईच्या वतीने मी समितीची माफी मागते," ती म्हणाली. "ही अडाणीपणातून झालेली चूक आहे."

शेवंतीबाईंनी हसणं थांबवलं आणि पदर नीट केला. एवढंच झालं.

तेवढा तुकडा कापून कुणीतरी संध्याकाळच्या आत सगळीकडे पाठवला. त्याला गाणं जोडलं, आणि खाली लिहिलं, 'पैसेवाली आजी'. दुसऱ्या दिवशी केंद्राच्या उपाहारगृहातला मुलगा चहा देताना "धरलो काय?" असं म्हणून स्वतःच फिदीफिदी हसला. वृषालीने चहा उचलला आणि ती टेबलाकडे गेली. शेवंतीबाईंनी बाजाराला जाणं बंद केलं. पाय दुखतात म्हणाल्या.

समितीने सांगितलं होतं, पैसा आमच्यासमोर काढा आणि पाया पुन्हा बसवून दाखवा. त्यासाठी वरची सगळी रचना उचलायला हवी होती. पट्टे गुंडाळले, साखळ्या ताणल्या, आणि मोटर सुरू झाली. समिती काचेपलीकडे उभी होती. वृषाली आणि निनाद मुखवटे लावून पाण्यात होते. शेवंतीबाईंना, लागल्याच तर, म्हणून पंपाजवळच्या स्टुलावर बसवलं होतं.

रचना उचलली गेली. अख्खी. एकही दगड सुटला नाही, एक कपची पडली नाही. प्रवाळाचे तुकडे अंगावर घेऊन एवढा मोठा डोलारा एखाद्या भाकरीसारखा सबंध वर आला. काचेपलीकडून टाळ्या ऐकू आल्या. ठकारबाईसुद्धा टाळ्या वाजवत होत्या. निनादने मुखवट्यामागे डोळे मिटले, पाणकान ऐकताना मिटायचा तसे.

मग पायाचा दगड कलंडवला. गाळ उसळला, काही दिसेना. दोघांनी हाताने चाचपायला सुरुवात केली, आणि वस्तू निनादच्या हाताला लागली. दोघं रचनेच्या मागे, समितीला न दिसणाऱ्या बाजूला वर आले. निनादने अंगठ्याने हिरवा थर पुसला. सोनेरी मुलामा पापुद्र्यांनी सुटला होता आणि आत पितळ दिसत होतं. पितळ म्हणजे निम्म्याहून जास्त तांबंच.

निनादने मोठ्याने वाचलं. "संकल्पना आणि निर्मिती, डॉ. वृषाली चिंदरकर." मग पाटी जरा डोळ्यांजवळ नेली, कारण खालची अक्षरं बारीक होती. "साहाय्य, निनाद पोयरेकर."

पाण्यात उभं राहून माणूस लाजेने मेला तर कुणाला कळणार नाही, असं वृषालीला वाटून गेलं. काहीतरी बोलायला हवं होतं.

"स्टीलची सांगितली होती," ती शेवटी म्हणाली.

निनादने पाटी तिच्या हातात दिली. "तुमची आहे," तो म्हणाला आणि शिडीकडे गेला.

वर आल्यावर ती समितीकडे गेली नाही. पाय तिला पंपाकडे घेऊन गेले. शेवंतीबाई स्टुलावर बसून होत्या. लेकीच्या हातातली पाटी त्यांनी घेतली, लांब धरली, आणि एकेक अक्षर जुळवत वाचली. वाचून त्यांचा चेहरा फुलला.

"तुजा नाव हा," त्या म्हणाल्या, आणि नावावरून बोट फिरवलं. "किती बरा कोरलेला!"

वृषालीला हे सोसवेना. आई ओरडली असती, रडली असती, तर चाललं असतं.

"आये," ती म्हणाली. केंद्राच्या भिंतींच्या आत हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला. "तुजो पैसो खंय आसा?"

शेवंतीबाईंनी एकदा पाटीकडे बघितलं, एकदा लेकीकडे. काय झालं ते त्यांना कळलं. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी नाही अशी खात्री केली आणि पदराची गाठ सोडली. भोकाचा पैसा त्यांनी वृषालीच्या ओल्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं मिटली.

"ह्यो घे. त्यांका दाखव. दगडाखालसून काढलंय म्हणान सांग," त्या कुजबुजल्या. "ती पाटी माज्याकडे दी. मी पिशयेत घालतंय."

त्यांनी खरंच पिशवी उघडून धरली. आत छत्री होती आणि लेकीसाठी डब्यात आणलेली घावनं.

पलीकडून ठकारबाईंचा आवाज आला. "डॉक्टर चिंदरकर, मिळाला का पैसा?"

मुठीत पैसा होता. तो दाखवला की सगळं सुरळीत होणार होतं. सांधजीव सिद्ध झालाच होता. समुद्राची परवानगी मिळणार होती, निनादचं काम वाचणार होतं, आणि आई तर आधीच स्वतःचं हसं करून घेऊन मोकळी झाली होती. आईने सगळं तयार करून ठेवलं होतं, पिशवीचं तोंडसुद्धा उघडून ठेवलं होतं. नकोसं वाटायला फक्त एकच कारण होतं, आणि ते म्हणजे आईचा चेहरा. त्यावर ना राग होता ना दुःख. पोरीला शाळेला उशीर होतोय, तिने भराभर आवरावं, एवढीच घाई होती.

वृषालीने पाटी परत घेतली आणि बाहेर आली. समितीच्या टेबलावर तिने एका बाजूला पाटी ठेवली आणि दुसऱ्या बाजूला पैसा.

"दगडाखाली ही होती," ती म्हणाली. "पितळेची आहे. मी ठेवली, तपासणी न करता. पैसा पाण्यात कधी गेलाच नाही. तो आईच्या पदरात होता."

"पण आजींनी तर कबूल केलं," तो विनोदी गृहस्थ म्हणाला.

"माझ्यासाठी केलं. आणि मी करू दिलं. अडाणी मी म्हणाले ते..."

ठकारबाईंनी पाटी उलटसुलट करून वाचली. मग बारीक अक्षरं वाचली. मग निनादकडे पाहिलं; तो खिडकीबाहेर बघत होता.

"सांधजीव उत्तीर्ण आहे," त्या म्हणाल्या. "पाया धुऊन पुन्हा बसवा आणि तो गप्प झाल्याची नोंद पाठवा. परवानगी पोयरेकरांच्या नावे निघेल. तुमच्याबद्दल वेगळं बोलावं लागेल."

तसं ते वेगळं बोलणं झालं. पैसा आईच्या गाठीत परत गेला आणि वृषालीकडून विभाग काढून घेतला गेला. ते तिला फारसं लागलं नाही. लागायला हवं होतं त्याहून बरंच कमी लागलं. पायाचा दगड निनादने स्वतः बसवला, खाली काहीही न ठेवता. त्याने तिला हेडफोन दिला तो दिवस मात्र तिच्या लक्षात राहिला. तिने बराच वेळ ऐकलं. पायाचा दगड गप्प होता.

तिने केंद्राच्या पानावर खुलासा लिहिला. तो कुणी वाचला नाही. 'पैसेवाली आजी' लोक अजून बघत होते, आणि आता तर कुणीतरी तिच्यावर नवं गाणं चढवलं होतं. खुलाशाला गाणं लागत नाही. शेवंतीबाईंचे पाय अजून दुखतच होते.

एका सकाळी वृषालीने पिशवी काढली. "आये, चल. बांगडे आणूया."

"तू जा. माका चलूक होना नाय."

"होता. चल."

मासळीबाजारात ऐन गर्दी होती. रोहिणी तांडेलीण पाटासमोर बसून सुरमई कापत होती. शेवंतीबाई दिसल्या तशी तिने कोयता थांबवला. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला फक्त गंमत करायची होती, बाजारातल्या इतरांसारखीच.

"काय गो पैसेवाली! आज खंयच्या पायात पैसो घालतलंस?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. शेवंतीबाईंनी पदर तोंडाला लावला, आणि त्या पुन्हा हसणार एवढ्यात वृषाली पुढे झाली. गेल्या कित्येक वर्षांत ती या बाजारात कुणाशी मालवणीत बोलली नव्हती.

"आयेन पैसो टाकूक नाय," ती मोठ्याने म्हणाली. "तिच्यार मी खोटो आळ घातलंय. दगडाखाली पाटी होती. पितळेची."

"कसली पाटी?"

"नावाची."

रोहिणीने पुढचे दोन बांगडे पाटावर ठेवले. तिला यात रस वाटू लागला होता. "कोणाच्या गो नावाची?"

शेवंतीबाईंनी लेकीचा हात ओढला. "पुरे आता. चल, घरा जावया."

मागे उभ्या असलेल्या बायकाही पुढे सरकल्या. मोबाइल वर करणारे दोन हात वृषालीला दिसले. ज्या नावासाठी तिने सोनेरी अक्षरं कोरून घेतली ते नाव आता या चिखलात, माशांच्या पाण्यात उभं राहून घ्यायचं होतं.

"माज्या," ती म्हणाली. "वृषाली शंकर चिंदरकर."

"आयकाक येना नाय," मागून कुणीतरी म्हणालं.

तिने पुन्हा सांगितलं, अधिक मोठ्याने.

कुणी हसलं, कुणी नाही. रोहिणीने एकदा मायलेकींकडे बघितलं आणि बांगडे कागदात गुंडाळले. शेवंतीबाईंनी पदराची गाठ सोडली, भोकाचा पैसा बोटाने बाजूला सारला आणि बांगड्यांचे पैसे दिले.